खुलताबादचा रिकामा मकबरा

भद्रा मारुतीच्या दर्शनाहून जालन्याला परतताना आजोबा सांगायचे, "तुर्कस्तानच्या खलिफासाठी इथं मकबरा बांधलाय. आत कुणीच नाही." निजामाच्या राजवटीतल्या रझाकारांचं नाव निघालं की ज्यांचा आवाज चढायचा, ते आजोबा हे मात्र हळू बोलत. त्या रिकाम्या मकबऱ्यानं पुढं माझी पाठ सोडली नाही.

कॉलेजात इतिहास घेतला तोही त्याच ओढीनं. तिथं खलिफाची लेक भेटली, दुरुशेहवार. जन्म इस्तंबूलचा, 1914 चा. 3 मार्च 1924 ला अंकाऱ्याच्या संसदेनं खिलाफत रद्द केली आणि तिच्या वडिलांना, खलिफा दुसऱ्या अब्दुलमजीदला, कुटुंबासह देश सोडावा लागला. इस्तंबूलच्या स्टेशनात गर्दी जमू नये म्हणून त्यांना मोटारीनं चताल्जाला नेऊन गाडीत बसवलं. दहा वर्षांची ही पोर मग फ्रान्समधल्या नीस शहरात वाढली. रशियातून परागंदा झालेली सरदार घराणीही तिथंच दिवस काढत होती. वडील चित्रं काढत. घर चालायचं ते हैदराबादच्या निजामाकडून येणाऱ्या दरमहा 300 पौंडांवर. जालना तेव्हा निजामाच्याच राज्यात, म्हणजे त्यात आमच्या शेतसाऱ्याचाही वाटा असणार, हे मला विसरता येत नाही.

1931 मध्ये नीसलाच तिचं लग्न निजामाच्या थोरल्या मुलाशी, आझम जाहशी झालं. सतरा वर्षांची मुलगी दुसऱ्यांदा परक्या मुलखात आली, आणि या खेपेला तिनं मुलूख आपला केला. नातलगाच्या दुखण्यापायी मी हैदराबादला गेलो होतो, तेव्हा पुराणी हवेलीत तिच्या नावाचं मुलांचं इस्पितळ पाहिलं. गोरगरीब बाया लेकरं घेऊन रांगेत उभ्या होत्या. राजघराण्यातल्या माणसाचं याहून चांगलं स्मारक मला माहीत नाही.

वडील 1944 मध्ये पॅरिसला वारले. तुर्कस्ताननं दफनाला जागा दिली नाही. खुलताबादेत निजामानं मकबरा बांधवला, पण 1948 मध्ये त्याचंच राज्य गेलं. खलिफाचा देह दहा वर्षं पॅरिसच्या मशिदीत राहिला आणि 1954 मध्ये मदिनेत दफन झाला. दुरुशेहवार 2006 मध्ये लंडनला वारली. तिची कबर लंडनजवळच्या ब्रुकवुडच्या दफनभूमीत आहे.

17 सप्टेंबर 1948 ला मराठवाडा मुक्त झाला, याचा मला मनापासून अभिमान आहे. या मकबऱ्यानं त्याला काही उणेपणा येत नाही. पुरातत्त्व खात्यानं आणि आपण मराठवाड्याच्या लोकांनी ही वास्तू जपावी, आणि तिथं नेलेल्या मुलांना या बापलेकीच्या वनवासाची हकिकत नीट सांगावी.