सुरांचे सांगाती

भंडारा जिल्ह्यात, तुमसर तालुक्यात, सातपुड्याच्या डोंगरांलगत आंबागड नावाचे गाव आहे. तेथील टेकडीवर सुमारे १७०० साली, देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद याच्या काळात, राजाखान पठाण याने बांधलेला किल्ला आहे. किल्ला आज मुका झाला आहे. परंतु भोवतालचा मुलूख मुका नाही. दिवाळी आटोपली, धानाची कापणी होऊ लागली, की या भागात गावोगावी मंडई भरते आणि रात्री खडी गंमत रंगते. उभ्याने सादर करावयाची म्हणून ती ‘खडी’. शाहिराच्या हाती डफ, एकाच्या कमरेस ढोलकी आणि मागे एक तुणतुणेवाला, एवढाच तिचा संसार.

खेळ सुरू होण्यापूर्वी एक गोष्ट पाहण्यासारखी असते. थंडीने व दहिवराने डफाचे कातडे सैल पडलेले असते. वादक ते शेकोटीजवळ धरतो, बोटाने टिचकी मारून ऐकतो, पुन्हा शेकतो, पुन्हा ऐकतो. मनाजोगता आवाज निघेपर्यंत शाहीर तोंड उघडीत नाही. तुणतुण्याची तर एकच तार. तिच्याकडे कोणी लक्ष देत नाही. तथापि ती तार क्षणभर थांबली, की शाहिराच्या पायांखालची जमीनच कोणी काढून घेतल्यासारखे होते. जाणता रसिक म्हणूनच शाहिराचा गळा किती मोठा, हे आधी पाहत नाही. मेळ जमला आहे काय, हे तो आधी पाहतो.

वाद्यमेळ उभा करणाऱ्याला जगात कोठेही दोन प्रश्न सोडवावे लागतात. पहिला, सोबती कोण? दुसरा, आपला आवाज कोणता? साता समुद्रांपलीकडील एका वाद्यमेळापुढे हेच दोन प्रश्न उभे राहिले होते. त्या मेळाचे एक मूळ आपल्या महाराष्ट्रातच, सातारा जिल्ह्यातील पाचगणीस, रुजले होते.

फारोख बलसारा हा एका पारशी कुटुंबातील मुलगा. त्याचा जन्म ५ सप्टेंबर १९४६ रोजी आफ्रिकेच्या किनाऱ्याजवळील झांझिबार बेटावर झाला. वडील तेथे सरकारी नोकरीत होते. मुलाला चांगले शिक्षण मिळावे म्हणून त्यांनी त्याला लहान वयातच समुद्रापार पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत धाडले. आई-वडील दूर, घर दूर, भोवती डोंगर आणि वसतिगृहाची घंटा! अशा मुलाला सोबती हवेसे वाटले, तर त्यात नवल ते काय? तेथे तो पियानो शिकला. शाळासोबत्यांनी त्याला ‘फ्रेडी’ हे नाव दिले. १९५८ च्या सुमारास, म्हणजे बाराएक वर्षांचा असताना, त्याने व त्याच्या मित्रांनी मिळून ‘द हेक्टिक्स’ नावाचा वाद्यमेळ काढला.

पुढे ज्याच्या कंठाने जग वेडे झाले, तो या मेळात मुख्य गायक नव्हता. गाण्याचे काम दुसरा मुलगा करी. फ्रेडी पियानो वाजवी. एका मुलापाशी गिटार होती, एकापाशी ड्रम होते. खर्जाचे वाद्य विकत घेण्याची ऐपत नव्हती. म्हणून चहाच्या लाकडी खोक्याला काठी व दोरी जोडून त्यांनी ते घरीच केले. दोरी ताणावी, छेडावी, आणि खोक्याने घुमावे. आपले तुणतुणे आणि हे खोके यांचे नाते सांगण्यास पंडिताची गरज नाही. एक तार, एक काठी आणि एक पोकळी एवढ्या सामग्रीवर पाचगणीचा मेळ उभा राहिला.

शाळा संपली, मेळ पांगला. फ्रेडी झांझिबारला परतला. परंतु १९६४ साली तेथे राज्यक्रांती झाली. रक्तपात झाला आणि बलसारा कुटुंबाला घरदार सोडून इंग्लंडची वाट धरावी लागली. सतरा वर्षांच्या त्या तरुणाचे पहिले घर सुटले होते आणि पहिले सोबतीही सुटले होते. लंडनच्या कलाशाळेत तो चित्रकला व आरेखन शिकू लागला. परंतु मनातले गाणे त्याला स्वस्थ बसू देईना.

त्याच लंडन शहरात ब्रायन मे नावाचा विद्यार्थी इम्पीरियल कॉलेजात भौतिकशास्त्र शिकत होता. १९६८ साली त्याने आपल्या मित्रासह ‘स्माइल’ नावाचा मेळ काढण्याचे ठरविले. त्यांना ड्रम वाजविणारा हवा होता. त्यांनी कॉलेजच्या सूचनाफलकावर चिठ्ठी लावली. ती चिठ्ठी पाहून दंतवैद्यक शिकणाऱ्या रॉजर टेलरपर्यंत बातमी पोहोचली आणि तो आला. मेळातील गायक फ्रेडीच्याच कलाशाळेतला होता. त्याच्या ओळखीने फ्रेडी या मंडळींत येऊ-जाऊ लागला. तो त्यांचे कार्यक्रम ऐकावयास जाई, वेश कसा असावा, रंगमंचावर कसे वावरावे, याविषयी न विचारता सल्ले देई. मधल्या काळात तो दुसऱ्या मेळांतून गाऊन आला. शेवटी १९७० साली स्माइलचा गायक सोडून गेला, तेव्हा त्याची जागा फ्रेडीने घेतली. ज्याला शोधावयाचे, तो पुष्कळ दिवस समोर श्रोत्यांतच उभा होता! मेळाचे नाव फ्रेडीने ‘क्वीन’, म्हणजे राणी, असे ठेवले आणि स्वतःचे नाव फ्रेडी मर्क्युरी असे करून घेतले.

‘असतील शिते तर जमतील भुते’ अशी आपल्याकडे म्हण आहे. या तरुणांच्या पानात तेव्हा शितेही बेताचीच होती. फ्रेडी आणि रॉजर केन्सिंग्टनच्या बाजारात जुने कपडे विकण्याचे दुकान मांडीत. अशा दिवसांत जो टिकून राहतो, तोच खरा सोबती.

आता राहिला होता खर्जाची गिटार वाजविणारा. हे काम ऐकणाऱ्याच्या ध्यानात पटकन येत नाही. परंतु ड्रमचा ताल आणि गिटारचा स्वर यांना बांधून ठेवणारा धागा तोच असतो. एकामागून एक तिघे वादक आले आणि गेले. मेळ जमण्यास चांगल्या वादनाबरोबर स्वभावही जुळावा लागतो. फ्रेडी मनस्वी, रॉजर तडफदार, ब्रायन प्रत्येक बारकाव्यापाशी थांबणारा. तिघेही आपापल्या मताचे पक्के. तेथे चौथाही तसाच आला असता, तर गाणे बाजूला राहून भांडणच ऐकू आले असते. १९७१ च्या आरंभी जॉन डीकन नावाचा एकोणीस वर्षांचा, अबोल विद्यार्थी परीक्षा द्यावयास आला. तो विद्युत्-उपकरणांचे शास्त्र शिकत होता. त्याने नेटके वाजविले आणि फारसे न बोलता तो उभा राहिला. चौकट पुरी झाली. पुढे फ्रेडीच्या मृत्यूपर्यंत, म्हणजे वीस वर्षे, या चौघांतला एकही बदलला नाही.

पहिला प्रश्न असा सुटला. दुसऱ्याचे उत्तर मात्र ब्रायनच्या घरी कित्येक वर्षे आधीच आकार घेत होते.

विजेच्या गिटारचा आवाज निघतो तरी कसा? तिच्या पोलादी तारांखाली चुंबक असतो आणि त्याभोवती बारीक तांब्याच्या तारेचे वेटोळे असते. वरची तार थरथरली, की चुंबकाच्या क्षेत्रात फरक पडतो आणि वेटोळ्यात अल्पसा विद्युत्प्रवाह निर्माण होतो. ध्वनिवर्धक त्या प्रवाहाला बळ देतो आणि मग भोंग्यातून आवाज निघतो. म्हणजे तार, चुंबक, लाकूड, ध्वनिवर्धक, भोंगा आणि वादकाची बोटे या साऱ्यांच्या संगनमताने तो आवाज तयार होतो. यांतले एक जरी बदलले, तरी स्वराचा रंग बदलतो.

ब्रायनला १९६३ साली, सोळा वर्षांचा असताना, अशी गिटार हवी होती. दुकानातल्या नामांकित गिटारी त्याच्या आवाक्याबाहेरच्या होत्या. तेव्हा त्याने व त्याच्या वडिलांनी मिळून ती घरीच करावयाचे ठरविले. एका जुन्या घरातील शेकोटीच्या चौकटीचे शिसवासारखे गर्द महोगनी लाकूड मिळाले. त्यातून गिटारची मान घडली. लाकडाला किडीने भोके पाडली होती, ती बुजवावी लागली. धडाच्या कामी एका जुन्या टेबलाचे ओकचे लाकूड आले. तारा ताणल्या-सोडल्या जाव्यात म्हणून जुन्या मोटारसायकलच्या स्प्रिंगा बसविल्या. स्वर हेलकावण्याचा दांडा सायकलच्या पिशवीच्या आधारापासून केला आणि त्याच्या टोकाला आईच्या विणकामाच्या सुईचा तुकडा लावला. स्वरांच्या जागा दाखविण्यासाठी शिंपल्याची बटणे घासून बसविली. सुमारे दोन वर्षे हे काम चालले आणि त्याला आठएक पौंडांपेक्षा अधिक खर्च आला नाही.

मौज अशी, की हा सारा खटाटोप केवळ काटकसरीचा नव्हता. ब्रायनने धडाच्या लाकडात मुद्दाम पोकळ कप्पे ठेवले. भोंग्यातून निघालेला नाद परत गिटारपर्यंत यावा, तिला जागवावा आणि तार गात राहावी, असा त्याचा हेतू होता. तंबोऱ्याच्या भोपळ्याचे महत्त्व ज्याला ठाऊक आहे, त्याला हे चटकन उमजेल. तीन चुंबकांना त्याने निरनिराळ्या कळा जोडल्या. दोन वेटोळी परस्परांच्या विरुद्ध जोडली, की काही नाद एकमेकांस गिळतात आणि उरलेला आवाज धारदार होतो. नखी म्हणून त्याने सहा पेन्सचे नाणे वापरले. नाण्याची खाचदार कड तारेला घासली, की स्वराला एक खरखरीत, बोलका आरंभ मिळे. त्या लालसर गिटारला पुढे ‘रेड स्पेशल’ असे नाव पडले.

परंतु आवाजाचा शोध येथेही संपला नव्हता. १९७२ च्या सुमारास जॉन डीकनला लंडनमध्ये रस्त्याच्या कडेला, केरकचऱ्याच्या पेटीत, तारा लोंबणारी एक विद्युत्-पट्टी दिसली. दुसरा कोणी असता, तर पुढे निघून गेला असता. जॉनने ती उचलून घरी आणली, एका लहानशा भोंग्याच्या खोक्यात बसविली, बॅटरीला जोडली आणि सरावापुरता एक चिमुकला ध्वनिवर्धक तयार केला. त्याची शक्ती एक वॉटदेखील नव्हती. मोठ्या सभागृहात तो पहिल्या रांगेलाही ऐकू गेला नसता. ब्रायनने सहज आपली गिटार त्याला जोडली आणि तो थक्क झाला. गिटार कधी व्हायोलिनसारखी, कधी तुतारीसारखी बोलू लागली! १९७५ च्या ‘ए नाइट ॲट द ऑपेरा’ या ध्वनिमुद्रिकेतील एका गाण्यात तर ब्रायनने याच खोक्याच्या साहाय्याने, एकट्या गिटारवर, जॅझचा संपूर्ण ताफा वाजत असल्याचा भास निर्माण केला.

येथे दोन्ही प्रश्नांची गाठ पडते. सोबती आणि आवाज हे शोध वेगवेगळे वाटतात. परंतु अबोल जॉन मेळात आला नसता, तर ती पट्टी कचऱ्यातच राहिली असती आणि तो स्वरही जन्मला नसता. आपल्याला हव्या असलेल्या स्वराची किल्ली पुष्कळदा दुसऱ्याच्या खिशात असते.

१३ जुलै १९८५ रोजी लंडनच्या वेम्बली क्रीडांगणावर, दुष्काळपीडित इथिओपियाच्या साहाय्यार्थ झालेल्या कार्यक्रमात, क्वीनने सुमारे वीस मिनिटे गायन-वादन केले. हजारो लोकांनी एकाच वेळी टाळ्यांचा ठेका धरला. पाचगणीच्या वसतिगृहात पियानोपाशी बसणारा मुलगा त्या अफाट समुदायास हाताच्या एका इशाऱ्यावर गावयास लावीत होता. पुढे तो आजारी पडला आणि २४ नोव्हेंबर १९९१ रोजी त्याचे निधन झाले. ब्रायन व रॉजर यांनी नंतर दुसऱ्या गायकांना सोबत घेऊन कार्यक्रम केले. जॉन मात्र काही वर्षांनी मेळापासून दूर झाला. गेलेल्या सोबत्याची जागा कधी पुरी भरत नाही, हेच त्यावरून दिसते.

खडी गंमतीच्या मेळांपुढेही हा प्रश्न आज उभा आहे. गावातला तरुण पोटासाठी शहराकडे जातो आणि ढोलकी खुंटीवर लटकून राहते. शाहीर असतो, गाणी असतात. उणीव असते ती मागे उभ्या राहणाऱ्या एका माणसाची. ढोलकी बाजारात मिळते, सोबती मिळत नाही. तो घडवावा लागतो. त्याच्यासाठी थांबावे लागते, त्याचे ऐकून घ्यावे लागते आणि प्रसंगी आपला सूर थोडा उतरवूनही घ्यावा लागतो.

मुलांनो, तुमच्या शाळेतही कोणी पेटी वाजवीत असेल, कोणी बाकावर ठेका धरीत असेल, कोणी नुसतेच कोपऱ्यात बसून ऐकत असेल. मेळ जमवावयाचा असेल, तर त्या कोपऱ्यातल्या मुलाकडेही एकदा पाहा. पैसा कमी पडला, तर खोके, काठी आणि दोरी यांवरही आरंभ करता येतो. मात्र कान कमी पडून चालत नाही. दुसऱ्याचा स्वर ऐकू येऊ लागला, म्हणजे मेळ जमू लागला असे खुशाल समजावे.