आधी बुक, मग चावी

जुनी गाडी घ्यायला जाल तेव्हा ड्रायव्हरच्या बाजूचा सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बघा. रोज हाताला लागणारा भाग सगळेच पुसून ठेवतात. आत रिळावर गुंडाळलेला भाग कुणी पुसत नाही. तिथे मातकट रेघ दिसली, की गाडी पाण्यात बसून आलेली आहे. मग डिकीतली स्टेपनी उचला, तिच्या खड्ड्यात वाळू चिकटलीय का बघा. सीट ज्या पट्ट्यांवर पुढेमागे सरकते, तिथले बोल्ट गंजलेत का बघा. आणि दहा वर्षांच्या गाडीला कोरी करकरीत सीटकव्हर असतील, वर मोगऱ्याचा भपकारा मारणारं परफ्यूम असेल, तर सरळ चावी परत द्या आणि चहा पिऊन घरी या.

हे मला आबांनी शिकवलं. आबा म्हणजे माझे आजोबा. सांगलीत कोल्हापूर रोडला त्यांचा जुन्या गाड्यांचा प्लॉट होता. पत्र्याची एक शेड, एक टेबल, पाठीमागे कपाट आणि खिळ्यांच्या फळीवर टांगलेल्या चाव्या. एवढ्यावर आमच्या घरातल्या तीन पिढ्या जेवल्या.

आबांचे वडील हळदीच्या बाजारात हमाल होते. सांगलीची हळद जशी प्रसिद्ध, तसा तिचा सौदाही. रुमालाखाली हात घालायचा आणि बोटं दाबून भाव ठरवायचा. शेजारी उभ्या असलेल्या माणसालाही आकडा कळायचा नाही. लहानपणी आबा ते बघत बसायचे. पुढे गाडीचा भाव ठरवताना ते गिऱ्हाइकाचा हात हातात घ्यायचे आणि सोडायचेच नाहीत. "तोंड खोटं बोलतंय, तळहाताला घाम फुटतोय," असं त्यांचं म्हणणं.

त्यांनी सुरुवात केली ती गॅरेजमध्ये. तेव्हा गाड्या म्हणजे मुख्यतः दोनच, उत्तरपाड्याची अँबॅसिडर आणि कुर्ल्याची फियाट. कुर्ल्याचा कारखाना सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांचा. सांगलीच्या इंजिनीअरिंग कॉलेजलाही त्यांचंच नाव आहे, त्यामुळे आबा फियाटला घरची लेक समजायचे. फियाटची पुढे प्रीमिअर पद्मिनी झाली तरी आबांच्या तोंडी ती फियाटच राहिली. १४ डिसेंबर १९८३ला इंदिरा गांधींच्या हातून पहिल्या मारुती ८००ची चावी दिली गेली. त्या फोटोतला ग्राहक खूश होता, पण आबा त्याच्याहून खूश होते. कारण ज्यांचा मारुतीचा नंबर लागला, त्यांना घरातली फियाट विकायची होती. आणि सांगलीत लुनावरून उतरून फियाटमध्ये बसायची इच्छा असलेले शिक्षक, अडते, डॉक्टर पुष्कळ होते. या दोघांच्या मध्ये एक माणूस लागतो. तो माणूस आबा झाले.

आमच्याकडे गाडीचा धंदा पंचांगावर आणि उसावर चालतो. कारखाने सुरू झाले, उसाची बिलं जमा व्हायला लागली की प्लॉटवर धुरळा उडायचा. पितृपक्षात माशी नाही. पाडव्याला मात्र हार कमी पडायचे. नंबरांची हौस वेगळीच. ४१४१ म्हणजे दादा, २१४ म्हणजे राम. इंजिन धूर टाकत असलं तरी चालेल, पण दादाच पाहिजे, असं म्हणणारे महाभाग मी स्वतः पाहिलेत.

आबांचा एक नियम होता. आधी बुक, मग चावी. म्हणजे आरसी बुकावर नाव बदलायचे कागद घेणाऱ्या-विकणाऱ्याच्या सह्यांसकट आरटीओत जमा झाल्याशिवाय गाडी प्लॉटबाहेर जाणार नाही. ऐकायला साधं वाटतं, पण या बाजारात बहुतेक जण उलटं करायचे. विकणाऱ्याची फॉर्म २९ आणि ३० वर सही घ्यायची, घेणाऱ्याची जागा कोरी ठेवायची आणि ते कागद गाडीबरोबर चार हात फिरवायचे. नव्वदच्या दशकात एका शाळामास्तरांनी दुसऱ्या कुणामार्फत अशी गाडी विकली. पुढे तिने कुणाला तरी उडवलं आणि कोर्टाची नोटीस मास्तरांच्या दारात आली. मास्तर आबांच्या गल्लीतले. तारखेला त्यांच्यासोबत आबाच जायचे. कायदा कागदावरच्या मालकाला धरतो, हे सुप्रीम कोर्टानं २०१८ साली स्पष्ट शब्दांत सांगितलं. आबांना ते मास्तरांच्या चेहऱ्यावर आधीच दिसलं होतं.

गाडीवाला पुढारी कसा होतो, याचं उत्तर सोपं आहे. त्याच्या दारात रात्री दोन वाजतासुद्धा चालू गाडी असते. कुणाच्या सुनेला कळा सुरू झाल्या, कुणाच्या छातीत दुखायला लागलं, की कडी वाजायची आणि आबा बनियनवर शर्ट चढवत मिरजेला निघायचे. मिरज म्हणजे दवाखान्यांचं गाव. अशा फेऱ्यांचे पैसे त्यांनी कधी घेतले नाहीत. त्या बदल्यात माणसं त्यांचं ऐकायला लागली. मग गणपती मंडळाचं अध्यक्षपद आलं, मंगल कार्यालयाच्या ट्रस्टमध्ये नाव आलं, भावाभावांच्या वाटण्या आमच्या सोप्यात व्हायला लागल्या. शेवटी जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्यांनी संघटना काढली, तेव्हा अध्यक्ष कोण याची चर्चासुद्धा झाली नाही.

ते संत होते असा समज कृपया करून घेऊ नका. फायनान्सवाल्यांकडून ते कमिशन घ्यायचे. प्लॉटचा सगळा हिशेब माझी आजी स्वयंपाकघरात बसून एका डायरीत लिहायची, पण टेबलामागच्या खुर्चीवर तिला एकदाही बसू दिलं नाही. आणि गाडीचा मीटर मागे फिरवणं, हे तर सगळेच करायचे, तेही करायचे. नव्वद हजार किलोमीटर पळालेली गाडी प्लॉटवर आल्यावर पंचावन्न हजारांची होऊन जायची. मी कॉलेजात असताना त्यांना तोंडावर विचारलं, ही फसवणूक नाही का? म्हणाले, "हाय की." आणि पेपर वाचत राहिले.

मग ऑगस्ट २०१९ आला.

सांगलीत प्रत्येक जण २००५च्या पुराच्या मापानं बोलायचा. पाणी कुठवर आलं होतं, त्याच्या खुणा भिंतींवर होत्या आणि त्या खुणेच्या वर सामान ठेवलं की माणूस निवांत झोपायचा. आबांनीही तेच केलं. चौदा गाड्या होत्या. खुणेच्या खाली येणाऱ्या पाच हलवल्या, नऊ प्लॉटच्या उंच बाजूला लावल्या. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची धोक्याची पातळी ४५ फूट. त्या वेळी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. शामरावनगर, गावभाग, स्टेशन चौक सगळं पाण्याखाली. कोल्हापूर रोडवर बोटी चालत होत्या. आम्ही नातेवाइकांकडे मिरजेत होतो. आबा रोज एकच वाक्य बोलायचे, "टपं दिसत्यात का बघा रे." टपं दिसत नव्हती.

पाणी उतरल्यावर मी पुण्याहून आले. प्लॉटवर गुडघाभर गाळ होता आणि त्याला सडलेल्या भाजीसारखा वास येत होता. एका अल्टोच्या मागच्या सीटवर मेलेला मासा होता. चुलतभाऊ चावी घेऊन गाडीत बसला, तसे आबा ओरडले. बुडालेली गाडी सुरू करायची नसते. सिलिंडरमध्ये पाणी असेल तर ते दाबलं जात नाही. पिस्टन अडतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. इंजिन तरी उघडून दुरुस्त करता येतं. खरं दुखणं वायरिंगचं. जोडाजोडांत गाळ बसतो, तांब्यावर हिरवट बुरशीसारखं चढत जातं आणि दोन-चार महिन्यांनी एखाद्या रात्री हेडलाइट जातो, किंवा एअरबॅगचा कंट्रोल दगा देतो. गाडी विकताना मात्र ती फुलासारखी चाललेली असते.

विमा कंपनीचा हिशेब असा, की दुरुस्तीचा खर्च विम्यात धरलेल्या किमतीच्या ७५ टक्क्यांवर गेला तर गाडी टोटल लॉस. पण विक्रीला उभ्या केलेल्या जुन्या गाड्यांचा पूर्ण विमा कोण काढतो? आबांच्या नऊच्या नऊ गाड्यांवर फक्त थर्ड पार्टी होता. म्हणजे हातात शून्य. संघटनेतल्या बहुतेकांची हीच गत. कुणाच्या सहा, कुणाच्या पंधरा, आणि डोक्यावर पतसंस्थेचं कर्ज.

बैठक मंगल कार्यालयात झाली. तिथे पंधरा दिवस पूरग्रस्त राहिलेले, भिंतींना अजून ओल होती. मी आबांना घेऊन गेले होते, त्यामुळे मागे बसून सगळं ऐकलं. विषय एकच, गाड्या धुऊन विकायच्या का? एक जण म्हणाला, "हितं नको. जतला न्हाईतर आटपाडीला घालवू. दुष्काळी माणसाला पाण्याचा वास कुठनं ओळखू येतोय?" सगळे हसले. पुरात आठवडाभर बुडालेली माणसं हसत होती, त्याचं मला तेव्हाही फार वाईट वाटलं नाही.

आबा उठले. त्यांनी ठराव मांडला, की बुडालेली गाडी विकायची असेल तर पावतीवर 'पुरातली' असं लिहून विकायची. न लिहिता विकेल तो संघटनेत नाही.

त्यांचा तीस वर्षांचा जोडीदार, ज्याच्या मुलीच्या लग्नात आबा मुलीच्या मामाच्या जागी उभे राहिलेले, तो म्हणाला, "आबा, मीटर फिरवताना कुठं लिवत हुतासा पावतीवर?"

कार्यालयात चिडीचूप झालं.

आबा म्हणाले, "न्हाई लिवलं. मीटर मागं केला तर माणूस पैशाला बुडतोय. ह्या गाडीत लेकरंबाळं घालून कोण रातचं पंढरपूरला निघंल. घाटात लाइट गेली तर?"

"आणि आमच्या लेकराबाळांनी काय खायाचं?"

यावर आबांकडे उत्तर नव्हतं, आणि खरं सांगायचं तर माझ्याकडे आजही नाही. 'पुरातली' लिहिलेली गाडी भंगाराच्या भावानं जाते. कर्जाचा हप्ता मात्र पूर्ण असतो. तत्त्व सांगणाऱ्यानं आपल्या नऊ गाड्यांचा तोटा सोसला म्हणून पंधरावाल्याची झोप परत येत नाही. हात वर करायला सांगितले तेव्हा ठरावाच्या बाजूने चार हात आले. आबांनी तिथल्या तिथे अध्यक्षपदाचा शिक्का खिशातून काढून टेबलावर ठेवला. बरोबर शाईचा पॅडही ठेवला.

आमच्या नऊ गाड्यांपैकी सात भंगारात गेल्या. दोन मेकॅनिक लोकांनी पार्टसाठी नेल्या, पावतीवर ठळक अक्षरात लिहून. मासा सापडलेल्या अल्टोचं पाच हजार टोकन एका नर्सबाईंनी दिलेलं होतं. ते आबा स्वतः परत देऊन आले. आजीनं पाटल्या मोडल्या. तिला कुणी विचारलं नव्हतं, तिनंच डायरीत आकडा मांडून दाखवला. त्या दिवसापासून ती टेबलामागच्या खुर्चीत बसायला लागली आणि आबा बाहेर बाकड्यावर. बुडालेल्या बाकीच्या गाड्या हळूहळू दिसेनाशा झाल्या. कुठे गेल्या, ते विचारायची रीत नाही.

जोडीदाराशी दोन वर्षं बोलणं बंद होतं. मंडळाच्या आरतीला दोघं दोन टोकांना उभे राहायचे.

२०२१च्या जुलैमध्ये पुन्हा पाऊस लागला. कोयनेचा विसर्ग वाढणार अशी बातमी आली आणि या वेळी कुणी २००५ची खूण बघितली नाही. आबांनी मंगल कार्यालयाचं मैदान उघडायला लावलं. ते उंचावर आहे. मंडळाची पोरं बोलावली, ज्याच्याकडे लायसन्स आहे त्यानंच हात लावायचा असं बजावलं. संध्याकाळपासून गाड्या हलायला लागल्या. आधी आमच्या, मग शेजारच्या प्लॉटच्या, मग ज्यांनी हात वर केला नव्हता त्यांच्या. चाव्या आजीनं पाण्याच्या बादलीत गोळा केल्या, प्रत्येकीला चिठ्ठी बांधून.

रात्री अकराच्या सुमारास जोडीदार स्वतःची शेवटची गाडी चालवत आला. मैदानात जागा उरली नव्हती. आबा छत्री घेऊन पावसात उभे राहिले आणि हातवारे करून त्याला रिव्हर्स घ्यायला लावू लागले.

"येऊ द्या... येऊ द्या... डावीकडं मारा की ओ," आबा ओरडत होते. तो काच खाली करून म्हणाला, "दिसतंय मला."

"दिसतंय तर मग माझ्या पायावर कशाला घालतासा?"

आजीनं त्याच्याकडून चावी घेतली, चिठ्ठी बांधली आणि बादलीत टाकली.