एमिलीचं मामाला पत्र



आमची शाळा चौथीपर्यंत. दरवर्षी मुलींच्या हातात चौथीचा दाखला देताना मनात धाकधूक असते, यातल्या किती जणी पाचवीत जातील? त्यामुळे लेबनॉनच्या लेखिका एमिली नसरल्ला यांच्याबद्दल वाचताना एका ठिकाणी थांबलेच. त्यांच्या गावातली सरकारी शाळा फक्त तिसरीपर्यंत होती!

जन्म १९३१ चा. दक्षिण लेबनॉनमध्ये हर्मोन डोंगराच्या पायथ्याशी कफैर नावाचं गाव आहे, तिथल्या शेतकरी घरात एमिली वाढली. तिसरी झाली, आता पुढे काय? मुलीला बाहेरगावी ठेवून शिकवायचं तर पैसा हवा. मग या पोरीने काय करावं? परदेशात गेलेल्या मामाला पत्र लिहिलं, मला शिकायचंय, मदत कर. मामाने खर्च उचलला. एमिली बैरुतजवळच्या शाळेत गेली आणि १९५८ मध्ये बैरुतच्या अमेरिकन विद्यापीठाची पदवीधर झाली. कॉलेजचा खर्च भागवायला तिने मुलांना शिकवलंसुद्धा. म्हणजे काही काळ आपल्यातलीच एक!

पुढे 'अस्-सय्याद' साप्ताहिकात त्यांनी बरीच वर्षं पत्रकारिता केली. १९८१ ते १९८७ 'फैरूझ' या महिलांच्या मासिकाचं संपादन केलं. तेही यादवी युद्ध चालू असताना. १९८२ च्या बॉम्बहल्ल्यात बैरुतमधलं त्यांचं घर जळालं, हस्तलिखितंही गेली. भावंडं कॅनडात होती, या मात्र बैरुत सोडून गेल्या नाहीत. युद्धातल्या मुलांसाठी त्यांनी एका मांजराची रोजनिशी लिहिली. मांजराच्या डोळ्यांनी युद्ध, ही कल्पना मला फार आवडली.

पण त्यांचं नाव झालं ते १९६२ च्या पहिल्या कादंबरीमुळे, 'तुयूर अयलूल', म्हणजे सप्टेंबरचे पक्षी. सप्टेंबरात गावावरून पक्ष्यांचे थवे जातात, तशी गावातली तरुण पोरं एकेक करून परदेशी जातात. मागे राहतात म्हातारे आणि वाट बघणाऱ्या बाया. मला यात एक गंमत वाटते. जे स्थलांतर गाव रिकामं करत होतं, त्याच्याच पैशावर एमिली शिकली. मामा परदेशी गेलाच नसता तर?

२०१८ मध्ये त्या गेल्या.

मागच्या आठवड्यात चौथीच्या वर्गात पत्रलेखन घेतलं. एमिलीची गोष्ट सांगितली आणि म्हटलं, लिहा मामाला. बहुतेकांनी सुट्टीत येतो, आंबे ठेव असंच लिहिलं. एकीने लिहिलं, "मामा, पाचवीची शाळा लांब आहे. सायकल पाहिजे. जुनी चालेल."

तिला पत्ता विचारला तर म्हणाली, "बाई, मामा ऊसतोडीला गेलाय. कारखाना कुठला ते आईला पण माहीत नाही."

पत्र माझ्या पर्समध्येच आहे. शनिवारी शाळा सुटल्यावर तिच्या घरी जाणार आहे.