दहाही जणी झोपल्या होत्या

मनन: मत्तय 25:1-13



आपल्या निपाणी-बेळगाव पट्ट्यात तपकाळ आणि आगीचे दिवस एकदमच येतात. भस्म बुधवारी आपण कपाळाला राख लावून घेतो, तेव्हा तवंदी घाटाकडचं गवत वाळून पिवळं पडलेलं असतं. कुणी पाचट पेटवतं, कुणी बिडीचं थोटूक टाकतं. वारा सुटला की उसाचा फड काय नि डोंगर काय!

ओळखीच्या एका शेतकऱ्याकडे लष्कराच्या लिलावातून फिरत फिरत आलेला शक्तिमान ट्रक आहे. जर्मनीच्या मान कंपनीच्या परवान्याने हे ट्रक जबलपूरला 1959 पासून बनत. 1996 मध्ये ते बंद झाले. चारही चाकांना जोर, त्यामुळे मोठा बंब पाणंदीत अडतो तिथे हा जातो. वर टाकी, मागे पंप.

तो सांभाळणारे मिस्त्रीमामा दर शनिवारी इंजिन चालू करतात, डिझेल फिल्टरमध्ये साचलेलं पाणी सोडतात, पंप विहिरीवर लावून बघतात. सक्शन पाइपचा वायसर झिजला की पंप पाण्याऐवजी हवा ओढतो. टाकी काठोकाठ भरलेली लागते. अर्धवट असली तर उतारावर पाणी हेलकावतं आणि गाडी कलंडू शकते.

मी विचारलं, "मामा, पलीकडच्या गावातही असाच ट्रक आहे ना? अडल्या वेळी त्याचं सामान मागता येत नाही?"

"मागितलं तर दील की. पर मग त्येची गाडी हुबी ऱ्हाईल न्हवं, सर?"

धर्मशिक्षणाच्या वर्गात मुलं हमखास विचारतात: शहाण्या कुमारिकांनी थोडं तेल दिलं असतं तर काय बिघडलं असतं? खरं सांगायचं तर मलाही त्या जरा चिक्कूच वाटायच्या. पण वाटून घेतलेलं तेल कुणालाच पुरलं नसतं आणि वर येताना वराच्या वाटेवर दहाही दिवे विझले असते. मध्यरात्री दुकान उघडं कुठलं?

आणखी एक गोष्ट आपल्या वाचनातून निसटते. शेवटी प्रभू जागं राहायला सांगतो, पण दाखल्यात दहाही जणी झोपतात. शहाण्यासुद्धा. त्या झोपेबद्दल तो एक शब्दही बोलत नाही. फरक पडला तो झोपण्याआधी भरून घेतलेल्या तेलाने. मामाही रात्री गाढ झोपतात, असं मामी सांगतात. घोरण्याची तक्रारही करतात.

या शनिवारी वर्गातली मुलं ट्रक बघायला जाणार आहेत. मामांनी एकच अट घातली आहे: जुने कपडे घालून या.