हजेरीपटावरचे दुसरे नाव

पुण्याच्या माणसाला धाराशिव जिल्हा म्हटले की तुळजापूर आठवते. आई भवानीचे दर्शन घ्यायचे, कवड्याची माळ घ्यायची, वेळ उरलाच तर नळदुर्गच्या किल्ल्यात जाऊन पाणीमहाल पाहायचा आणि रात्रीच्या गाडीने परत फिरायचे, असा आपला शिरस्ता. खुद्द धाराशिव गावात मुक्काम करण्याचे कारण सहसा कुणाला पडत नाही. मला पडते, कारण माझी धाकटी बहीण तिथे दिलेली आहे. निजामी अमदानीत या गावाचे उस्मानाबाद झाले आणि 2023 साली सरकारदरबारी ते पुन्हा धाराशिव झाले. बहिणीच्या सासूबाई मात्र आयुष्यभर धाराशिवच म्हणत आल्या, त्यामुळे त्यांना काही बदलावे लागले नाही.

परवा भाद्रपदात बहिणीचा फोन आला. "दादा, दोन दिवस काढून ये. यांना ऑफिसातून सुट्टी नाही, मला शाळेतून हलता येत नाही, आणि पोरीची नेमबाजीची स्पर्धा आहे. बरोबर कुणीतरी मोठं माणूस हवं."

नेमबाजीतले माझे ज्ञान महाभारताच्या पुढे गेलेले नव्हते. झाडावरचा पोपट, त्याचा डोळा आणि अर्जुन, एवढेच. पण भाची दहावीत, तिचा मामा एकुलता एक आणि बहिणीचा स्वर नकार ऐकण्याचा नव्हता. मी रात्रीची एस.टी. पकडली.

इथे माझ्याविषयी एक गोष्ट सांगून ठेवली पाहिजे, कारण पुढे तिचे काम पडणार आहे. मी कॉलेजात मराठी शिकवतो आणि हजेरीच्या बाबतीत माझी थोडी अपकीर्ती आहे. घंटा झाली की मी वर्गाचे दार लावून घेतो. नंतर आलेल्याने बाहेरच्या बाकावर बसावे. वेळ सर्वांना सारखीच असते, हे माझे आवडते वाक्य. वीस वर्षे ते मी वापरीत आलो आहे.

पहाटे उतरलो तेव्हा पावसाची भुरभुर होती. बालाघाटाच्या माथ्यावरचे हे गाव पावसाळ्यात मोठे प्रसन्न दिसते. वेशीबाहेर सोयाबीन पिवळे पडू लागले होते आणि हवेत ओल्या मातीचा वास होता. चहा होतो न होतो तोच भाची तयार होऊन पुढे उभी. खांद्याला तिच्याएवढीच लांब पेटी, हातात कॅनव्हासचे एक जाड जाकीट. हे जाकीट इतके ताठ, की ते घातल्यावर माणसाला वाकता येत नाही.

"मामा, साडेनऊला नोंदणी बंद होते," ती म्हणाली.

मला ती मुलगी एकदम आवडली.

स्पर्धा गावातल्या एका शाळेच्या लांबट हॉलमध्ये होती. शेजारच्या मैदानावर त्याच दिवशी खो-खोचे सामने होते आणि तिथे जत्रा लोटली होती. ते साहजिकही होते. खो-खो ही या जिल्ह्याची मिरास आहे. 2016 साली दक्षिण आशियाई स्पर्धेत भारताच्या महिला संघाचे नेतृत्व करणारी आणि 2020 साली अर्जुन पुरस्कार मिळवणारी सारिका काळे याच गावची. तिकडे शिट्ट्या, टाळ्या, आरोळ्या. आमच्या हॉलमध्ये मात्र सत्यनारायणाच्या पूजेला गुरुजी यायच्या आधी असते तशी शांतता. मी सवयीने माणसे मोजली. नऊ मुले, चार पालक, दोन शिक्षक आणि एक शिपाई.

दारातच टेबल होते. नोंदणीचे सगळे काम तिथे चालले होते आणि मला तेच पाहण्यात रस वाटला. शाळेने आधी संगणकावरून नाव पाठवायचे. मग स्पर्धेच्या दिवशी खेळाडूने मुख्याध्यापकांच्या सहीशिक्क्याचे ओळखपत्र, आधारकार्ड आणि जन्मतारखेचा दाखला घेऊन स्वतः हजर व्हायचे. वयाचे गट चौदाच्या आतले, सतराच्या आतले आणि एकोणीसच्या आतले. त्यात पुन्हा मुले-मुली वेगळी, रायफल आणि पिस्तूल वेगळे. कागदपत्रे जुळली की नावापुढे सही आणि पाठीवर लावायला क्रमांक. मग रायफल टेबलावर ठेवून तपासायची. नळीतून एक रंगीत दोरा आरपार गेलेला असतो. आत छर्रा नाही याची ती खूण. तो दोरा काढायचा हुकूम पंचांचा.

हजेरीपट माझ्यासमोरच उघडा होता. आमच्या भाचीच्या गटात दोनच नावे होती. तिने सही केली. दुसऱ्या नावापुढचा रकाना कोरा होता.

"परंडा तालुक्यातली मुलगी आहे," टेबलावरचे क्रीडाशिक्षक म्हणाले. "गेल्या वर्षी या गटात हिचं एकटीचंच नाव होतं."

"म्हणजे ही पहिली आली?"

"पहिली आली म्हणा, शेवटची आली म्हणा. एक नाव असलं की आम्ही निकाल लिहितो. दोन असली की सामना होतो."

मी म्हटले, "पण आता तर स्वप्नील कुसळेमुळे गर्दी व्हायला हवी."

कोल्हापूरकडच्या राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा हा मुलगा. 1 ऑगस्ट 2024 रोजी त्याने पॅरिसच्या ऑलिंपिकमध्ये पन्नास मीटर रायफलचे कांस्यपदक जिंकले. 1952 साली हेलसिंकीला खाशाबा जाधवांनी कुस्तीत पदक आणल्यानंतर महाराष्ट्राच्या खेळाडूला ऑलिंपिकमध्ये वैयक्तिक पदक मिळाले ते थेट बहात्तर वर्षांनी.

शिक्षक हसले. "चौकशीला पुष्कळ आले, सर. पण चौकशी आणि हजेरी यांत फरक असतो. रायफलची किंमत सांगितली की निम्मे जातात. रोज दोन तास नुसतं उभं राहून श्वास धरायला शिकायचं म्हटलं की उरलेले जातात. कुसळेचं नावसुद्धा 2009 साली त्याच्या वडिलांनी क्रीडा प्रबोधिनीत घातलं, तेव्हा कुठं पंधरा वर्षांनी पदक. कुठल्यातरी टेबलावर कुणीतरी आधी नाव लिहून घ्यावंच लागतं."

साडेनऊ झाले. त्यांनी कोऱ्या रकान्यापुढे पेन्सिलीने एक बारीक फुली केली. शाई वापरली नाही, हे माझ्या लक्षात आले.

आता खरे सांगतो. ती फुली पाहून मला बरे वाटले. भाची आता बिनविरोध विभागीय स्पर्धेला जाणार, दहावीच्या निकालात खेळाच्या गुणांचा आधार होणार, आणि बहिणीला फोनवर सांगायला चांगली बातमी मिळाली. मी खिशातून फोन काढलासुद्धा.

दहाला पाच-सात मिनिटे असताना दारात एक गृहस्थ आले. पांढरा पायजमा गुडघ्यापर्यंत चिखलाने भरलेला, हातात प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेले कागद. त्यांच्या मागे शाळेच्या गणवेशातली एक सडसडीत मुलगी.

"सर, सीनेला पाणी आलंय. पुलावरून गाडी सोडंनात. पाणी उतरल्यावर निघालाव, तर बार्शीला गाडी हुकली बघा. लेकराचं नाव घ्या की."

शिक्षकांनी घड्याळ पाहिले. "पहिली डिटेल अजून सुरू झाली नाही. पण वेळ तर संपली. कुणाची हरकत नसेल, तर घेऊ." आणि त्यांनी माझ्याकडे पाहिले.

माझ्या तोंडून वीस वर्षांचे वाक्य बाहेर पडले. "वेळ सर्वांना सारखीच असते."

हॉल शांत होताच, तो आणखी शांत झाला. त्या गृहस्थांनी वाद घातला नाही. "बरोबर आहे साहेब तुमचं," असे म्हणून ते कागद पुन्हा पिशवीत घालू लागले. त्यांनी चार शब्द सुनावले असते तर मला सोपे गेले असते.

तेवढ्यात मागून भाचीचा आवाज आला. "सर, माझी हरकत नाही."

शिक्षकांनी खोडरबर उचलले. "हरकत खेळाडूची धरतात, पालकांची नाही," ते माझ्याकडे न बघता म्हणाले.

अडचण एवढ्यावर संपली नाही. त्या मुलीच्या शाळेत एकच रायफल, आणि तिची सील गेल्यामुळे हवा धरेना. तिथे कुणाची तरी मिळेल, एवढ्या भरवशावर ती दोघे निघाली होती. भाचीने क्षणभर आपल्या पेटीकडे पाहिले. मग म्हणाली, "मी पहिल्या डिटेलला मारते. दुसरीला हिला माझी द्या."

दहा मीटर हे अंतर ऐकायला काहीच नाही. आपल्या घरातल्या ओट्यापासून अंगणातल्या तुळशीपर्यंतचे. पण त्या कागदी लक्ष्याच्या मध्यावर दहा गुणांचा जो ठिपका असतो, त्याचा व्यास अर्धा मिलिमीटर, म्हणजे खसखशीच्या दाण्याहूनही लहान. भाची उभी राहिली. डावे कोपर कमरेच्या हाडावर टेकवले, गाल दस्त्याला लावला आणि तिच्या चेहऱ्यावरची ओळख हळूहळू पुसत गेली. चाळीस गोळ्या. प्रत्येक गोळीनंतर रायफल खाली, दोन श्वास, पुन्हा वर. शेजारच्या मैदानावर कुणी तरी बाद झाला आणि मोठा ओरडा उठला. ती हलली नाही. चारशेपैकी तीनशे एकाहत्तर.

दुसऱ्या डिटेलला परंड्याची मुलगी. जाकीटही भाचीचेच. भाचीने तिच्या उंचीप्रमाणे गालपट्टी वरखाली करून दिली आणि मागे येऊन बसली. उधारीची रायफल हातात बसायला त्या मुलीला वेळ लागला. सरावाच्या गोळ्या तिने बऱ्याच खर्च केल्या. मग मात्र ती जी लागली ती लागली. तिचे वडील भिंतीकडे तोंड करून उभे होते. लेकीकडे बघायची त्यांची छाती होत नसावी.

तीनशे चौऱ्याहत्तर.

रिक्षात भाची रडली. मला राहवले नाही. "तूच दिलीस ना रायफल?"

तिने डोळे पुसले. "मामा, रायफल दिली म्हणून नाही हरले. शेवटच्या पाच गोळ्या वाईट गेल्या म्हणून हरले." थोड्या वेळाने म्हणाली, "गेल्या वर्षीचं पदक कपाटात आहे. मी ते कुणाला दाखवत नाही."

मी रिक्षा थांबवून गुलाबजाम घेतले. जवळच्या भूम तालुक्यातल्या कुंथलगिरीच्या खव्याला 2024 साली भौगोलिक मानांकन मिळाले. त्या खव्याच्या प्रदेशात गुलाबजामाला दुःखावरचा उतारा मानायला हरकत नाही. तिने चार खाल्ले.

दुसऱ्या दिवशी मी परत पुण्याला निघायचे, ते न निघता परंड्याच्या रस्त्याला लागलो. बहिणीला सांगितले, किल्ला पाहायचा आहे. ते खोटे नव्हते, पण पुरते खरेही नव्हते. मला ती वाट पाहायची होती.

नकाशावर परंडा धाराशिव जिल्ह्यातच आहे. पण तिथे जाताना बालाघाट उतरून आधी सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीला जावे लागते. आपल्याच जिल्ह्याच्या गावी यायला दुसऱ्या जिल्ह्यातून यायचे! 'बार्शी तेथे सरशी' असे म्हणतात. त्या दिवशी मला ते स्थानकाच्या बाकावर बसून दीड तास पटत नव्हते. गाडी बदलून परंड्याला पोहोचलो तेव्हा मध्यान्ह झाली होती. सीनाकाठची गावे तिथून आणखी पुढे. मी मनाशी हिशेब केला. साडेनऊला त्या टेबलाशी उभे राहायचे, तर नदीकाठच्या मुलीने पहाटे चारच्या आधी घर सोडले पाहिजे. आणि तेही नदीने परवानगी दिली तर. आमची भाची त्याच साडेनऊसाठी नऊ वाजता घरून निघाली होती. वेळ सर्वांना सारखीच असते!

परंड्याचा भुईकोट मोठा देखणा आहे. भोवती खंदक, दुहेरी तट आणि बुरुजांवर अजून तोफा. 1600 साली मोगलांनी अहमदनगर घेतल्यावर मलिक अंबरने निजामशाहीची गादी काही काळ इथेच मांडली होती. विजापूरला जी प्रचंड 'मलिक-ए-मैदान' तोफ लोक पाहायला जातात, ती 1549 साली अहमदनगरला ओतलेली. पुढे ती या परंड्यात होती आणि 1632 च्या सुमारास विजापूरकरांनी ती ओढून नेली. पंचावन्न टनांचे धूड इथून न्यायला किती बैल आणि किती माणसे लागली असतील, याचा विचार करीत मी बुरुजावर बसलो. त्या काळी इथून एक तोफ विजापूरपर्यंत गेली. आज इथून एक मुलगी धाराशिवपर्यंत वेळेवर पोहोचणे कठीण.

खाली सीनेच्या बाजूला डोमगाव आहे. समर्थांचे शिष्य कल्याणस्वामी यांचा तिथे मठ. समर्थांनी सांगावे आणि कल्याणाने उतरून घ्यावे, असा दासबोध सिद्ध झाला, हे मी दरवर्षी वर्गात सांगतो. लिहून घेणाऱ्याचे मोल मी मुलांना शिकवतो आणि टेबलावर एक नाव लिहून घ्यायची वेळ आली, तेव्हा मीच आडवा आलो होतो.

पुण्याला परतल्यावर आठवड्याने बहिणीचा फोन आला. "परंड्याच्या त्या मुलीचा नंबर हिने घेतलाय. पुढच्या वर्षी ती आदल्या रात्रीच आपल्याकडे उतरणार आहे. गावातली आणखी एक मुलगी शिकतेय म्हणे, तिलाही घेऊन येणार. तीन नावं होतील, म्हणून आमची बाई आत्तापासून सरावाला लागलीय."

दुसऱ्या दिवशी पहिलाच तास होता. घंटा झाली, मी हजेरी घेतली. दहा मिनिटांनी दारात एक मुलगा उभा राहिला, धापा टाकत. वर्गाने माझ्याकडे पाहिले. मुलगा सवयीने बाहेरच्या बाकाकडे वळलासुद्धा होता.

"थांब," मी म्हटले. "कुठून येतोस?"

त्याने गावाचे नाव सांगितले. मी वीस वर्षे पुण्यात आहे, पण ते गाव कुठल्या रस्त्यावर आहे ते मला ठाऊक नव्हते.

"आत ये," मी म्हटले, आणि हजेरीपट पुन्हा उघडला.