नातवाचा सूट

नातवाला ट्रॅकवर मोटारसायकल चालविण्यासाठी एकसंध चामडी सूट हवा होता. वाशीच्या दुकानात तो घालून उभा राहिला, तर पाठ सरळ होईना. मला तो आखूडच वाटला. विक्रेता म्हणाला, "काका, गाडीवर वाकल्यासारखं बसवून पाहा." वाकताच गुडघ्या-कोपरांवरचे पॅड नेमके जागेवर आले. सैल सूटमध्ये घसरताना तेच सरकतात.

माप पटले, चामडे मात्र पटेना. आमच्या घरात पट्टासुद्धा कापडी. मग ॲरामिड धाग्याचा सूट निघाला. ईएन १७०९२ या युरोपीय मानकात चामडे असो वा कापड, घर्षणाची कसोटी एकच. सर्वोच्च श्रेणी 'एएए'. परंतु शर्यतीत बहुधा चामडेच मागतात.

कापडी सूट घेतला. ट्रॅकचा अर्ज अजून त्याच्या टेबलावर कोराच आहे.