प्रयोगाला माणसे हवीत

मराठी माणसाला ‘प्रयोग’ या शब्दाचे केवढे वेड! नाटकाचा प्रयोग म्हटला, की तो तिकिटाच्या खिडकीपाशी तासभर उभा राहील. पण तोच शब्द दवाखान्यात उच्चारून पाहा. बाकावरची माणसे हळूच चपला शोधू लागतात.

आमच्या गल्लीतले डॉक्टर माझे स्नेही. रक्तदाबाच्या रुग्णांची वर्षभर पाहणी करायचे त्यांनी मनावर घेतले, आणि संमतीपत्राचे मराठी तपासायला ते माझ्याकडे आले. त्यात ‘सहभागी घटक’, ‘अनुवर्ती तपासणी’ असे भारदस्त शब्द होते. “डॉक्टर, हे वाचूनच रक्तदाब वाढेल!” मी म्हटले. दोघांनी बसून ते सोपे केले. तरी माणसे मिळेनात.

“एरवी दवाखान्यात पाय ठेवायला जागा नसते, प्रोफेसरसाहेब! आता रक्तदाबवाले गेले कुठे?”

हे दुखणे जुनेच आहे. लुई लासान्या (१९२३–२००३) नावाचे एक अमेरिकन औषधशास्त्रज्ञ होऊन गेले. संशोधन सुरू होताच रुग्ण दुर्मीळ होतात आणि ते संपताच पुन्हा उगवतात, हा गमतीचा नियम त्यांच्याच नावाने ओळखला जातो.

पण दोष रुग्णांनाच कसा द्यावा? भरल्या दवाखान्यात डॉक्टरांनी नाडी पाहायची, चिठ्ठी लिहायची, की पाहणी समजावायची? रोजंदारीवरच्या बाईने फेरतपासणीसाठी खाडा केला, तर तिची मजुरी कोण देणार? मग पाहणीत उरतो माझ्यासारखा सुट्ट्यांचा धनी असलेला मास्तर! आणि माझ्या रक्तदाबावरून त्या बाईचे औषध ठरायचे!

गडचिरोलीत राणी आणि अभय बंग यांनी दोन खेड्यांतल्या ६५० स्त्रिया तपासल्या. १९८९ साली तो निबंध ‘लॅन्सेट’मध्ये आला, तेव्हा शेकडा ९२ जणींना काही ना काही स्त्रीरोग असल्याचे जगाला कळले. यापूर्वी तशी तपासणी झाली होती ती फक्त शेकडा ८ जणींची! आपणहून दवाखान्याची पायरी चढणाऱ्यांचीच मोजदाद केली असती, तर बाकीच्यांचे दुःख कुणाला दिसले असते?

तरीही डॉक्टर आग्रह करीनात. “ज्या घरांत मी वीस वर्षे जातो, ती माणसे भिडेपोटी हो म्हणतील. ज्याला नाही म्हणता येत नाही, त्याच्या होकाराला किंमत काय?”

यावर माझ्यापाशी उत्तर नव्हते. संमतीपत्राच्या तळाशी एक वाक्य होते : ‘आपण नाही म्हटलेत, तरी आपले उपचार पूर्वीसारखेच चालू राहतील.’ ते मी उचलले आणि ठळक अक्षरांत पहिल्या ओळीवर आणून ठेवले.